बंद नसलेली कुंची

आक्का माझ्या नात्यातल्या कुणी नव्हत्या. दिल्ली कँटोन्मेंटमध्ये आम्हाला क्वार्टर मिळालं ते पहिल्या मजल्यावरचं, आणि आक्का बरोबर त्याच्या खाली राहायच्या. त्यांचे मालक हवालदार, गाडी चालवायचे. आमचे हे तेव्हा नायब सुभेदार, ऑफिसात टेबलावर. आम्ही कराडचे आणि त्या पाटणच्या वरच्या अंगाच्या, डोंगरातल्या. गावाकडे असतो तर कदाचित कधी बोललोही नसतो. दिल्लीत मात्र एवढं अंतर म्हणजे एकाच आळीतले असल्यासारखं. आमचं सामान अजून ट्रकमधून उतरत होतं, तेव्हाच त्या भाकऱ्या आणि मेथीची भाजी घेऊन वर आल्या आणि पेटीवर बसून म्हणाल्या, "आधी खा. भांडी मग लावू."

आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत कुणाकडे बाळ झालं की आक्का कुंची शिवायच्या. कुंची म्हणजे बाळाची टोपीच, पण मागून पाठीवर पदरासारखी सोडलेली आणि हनुवटीखाली बंदांनी बांधायची. हे मला माझ्या मुलीला सांगावं लागलं, कारण ती दिल्लीत वाढलेली. ती म्हणाली, "अच्छा, म्हणजे हूडी!" आक्कांना तो शब्द फार आवडला होता. बाळ पंजाब्याचं असो, तमिळ असो, गढवाली असो, पाचवीच्या आत त्याच्या डोक्यावर आक्कांची कुंची आणि अंगाखाली त्यांचं दुपटं असायचंच. कापड नेहमी जुनं. गावाहून येणारं कुणीही माणूस आक्कांसाठी धुऊन मऊ झालेली सुती लुगडी आणायचं. नवं कापड त्या बाळाला लावू द्यायच्या नाहीत. "आधी मोठ्या माणसाच्या अंगावर झिजू द्यावं," म्हणायच्या, "मग लेकराला घालावं."

हे विकायचं डोक्यात आणलं ते मी. मी बी.कॉम. झालेली, लग्नाआधी कराडात एका दुकानात हिशेब बघायचे. कँटोन्मेंटात दिवस फार मोठा असतो. हे सकाळी जायचे, मुलगी शाळेत, आणि मी खिडकीतून समोरच्या लिंबाकडे बघत. त्या काळात आमच्या लाइनीत रोज त्या मोठ्या ऑनलाइन बाजाराची खोकी यायची. सगळं जग तिथूनच घेतं, मग आपणही तिथं का विकू नये, असं मला वाटलं.

आक्का आधी तयारच होईनात. "कुंची इकत घेत्यात व्हय गं? कुंची आत्यानं न्यायची असती."

"ज्यांना आत्या नाही त्यांनी काय करायचं, आक्का?"

त्यांनी दोऱ्याचं टोक दाताने तोडलं. मग म्हणाल्या, "बघ बाई. तुला जमत आसंल तर."

ह्यांनी एकच अट घातली. फोटोत क्वार्टर दिसता कामा नये, युनिटचं नाव नाही, घरचा पत्ता नाही. म्हणून मी पिवळ्या चादरीवर कुंची ठेवून फोटो काढले, आणि पत्ता म्हणून पालमला राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा दिला. बाकी सगळं सोपं होतं, खरंच फार सोपं. दुपारी माल टाकला आणि त्याच आठवड्यात ऑर्डरी यायला लागल्या. पुणे, नाशिक, बेंगळुरू, कुठून कुठून. आक्कांनी आणखी दोघींना हाताशी घेतलं. संध्याकाळी आम्ही चौघी त्यांच्या अंगणात बाजेवर बसून टाके घालायचो. मला धावदोरा सरळ येत नसे. आक्का माझे टाके उसवायच्या आणि काही न बोलता परत माझ्या हातात द्यायच्या.

मग एक दिवस झाशीहून बदलून आलेल्या एका जवानाची बायको आक्कांच्या दारात आली. हिने आक्कांच्या कुंचीचं सांगितलं म्हणून तिच्या बहिणीनं नाशिकला आमचा फोटो बघून ती मागवली होती. आलेली कुंची हिने व्हिडिओ कॉलवर पाहिली होती. "आक्का, तुम्ही असलं कापड कधीपासून वापरायला लागलात?" तिने विचारलं. "बाळाच्या मानेवर सगळं लाल लाल झालंय."

आम्ही शोधलं. आमचाच फोटो, आमचीच पिवळी चादर, पण विकणारा भलताच. तो निम्म्या किमतीत देत होता. माल मशीनवरचा, चमकणाऱ्या पॉलिस्टरचा, आणि लेस चिकटवलेली. त्याच्यामुळे आमची कुंची खाली खाली गेली होती, इतकी की शोधणाऱ्याला सापडूच नये. मी तक्रार केली. उत्तर लगेच आलं, फार नम्र, आणि त्यात माझ्या प्रश्नाचा एक शब्द नव्हता. त्याचा फोटो निघाला तरी आठवड्याने दुसऱ्या नावाने तोच परत आला.

माझा राग त्या चोरावर होता. आक्कांचं दुःख वेगळंच होतं. "तिनं माझ्या हातचं म्हणून घेतलं," त्या सारख्या म्हणायच्या. "लेकराच्या मानंला लागलं ते माझ्या नावावर लागलं." त्यांनी सुयांचा डबा कपाटात ठेवला. मी म्हटलं, आपण फोटोवर नाव घालू. त्या म्हणाल्या, "नगं. बंद कर ते."

मी बंद केलं.

त्या हिवाळ्यात माझी नणंद जर्मनीहून आली. तिचे मिस्टर तिकडे सॉफ्टवेअरमध्ये आहेत, आणि ती बालवाडीत शिकवते. ती आमच्याकडे उतरली तेव्हा मी तिला ही सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "वहिनी, मी तर तिथून घेणंच सोडलंय."

"मग घेतेस कुठून?"

तिने सांगायला सुरुवात केली. पुस्तकं एका ठिकाणाहून, ती साइट गावातल्या पुस्तकाच्या दुकानांना जोडलेली. बूट दुसरीकडून. जुनी सायकल, जुनं टेबल लोकांकडून थेट. साबण, डाळी एका सहकारी दुकानाच्या साइटवरून. तिच्यासारखे बरेच लोक आहेत म्हणे, एकमेकांना सांगतात, हे इथे मिळतं, ते तिथे मिळतं. सगळा पैसा आणि सगळी माणसं एकाच दारात जाऊन उभी राहू नयेत, एवढीच त्यांची इच्छा. मी विचारलं, त्रास नाही होत? ती हसली. "होतो ना. एक बल्ब घ्यायचा तर अर्धी संध्याकाळ जाते. आमचे हे वैतागतात, आणि मी झोपले की गुपचूप तिथूनच मागवतात." तिने माझ्या मुलीसाठी आणलेल्या रंगपेटीच्या खोक्यावरसुद्धा त्या मोठ्या कंपनीची चिकटपट्टी होती. माझं लक्ष गेलेलं तिने पाहिलं. "आपल्याला जमेल तेवढं," ती जरा ओशाळून म्हणाली.

मग तिने आक्कांचं एक दुपटं हातात घेतलं, गालाला लावलं, आणि तिला तिच्या ओळखीची एक बाई आठवली. ती बाई पूर्वी सुईण होती, पुष्कळ वर्षं इस्पितळात बाळंतपणं केलेली. आता दोन मैत्रिणींबरोबर ती एक लहानशी साइट चालवत होती, फक्त तान्ह्या बाळांच्या वस्तूंची, हाताने केलेल्या. कोण पोर्तुगालमधून लोकरीचे मोजे पाठवायचं, कोण पोलंडमधून लाकडी खुळखुळे.

मी आक्कांना सांगितलं तेव्हा त्यांना जर्मनी, साइट, कशाचंच काही वाटलं नाही. त्यांनी एकच विचारलं.

"सुईण हाय म्हणतीस?"

"होती. पुष्कळ वर्षं."

"मग तिला कळंल," आक्का म्हणाल्या, आणि सुयांचा डबा परत बाहेर आला.

पहिला व्हिडिओ कॉल आमच्या स्वयंपाकघरात झाला, कारण उजेड तिथे बरा होता. सुईणबाई साठीच्या, पांढरे आखूड केस, समोर चहाचा मोठा मग. त्या इंग्रजीत बोलायच्या, माझं इंग्रजी तोडकंमोडकं, आणि आक्का मराठीशिवाय काही बोलत नव्हत्या. तरी त्या दोघींना माझी गरज कमीच लागली. आक्कांनी दुपटं कॅमेऱ्यासमोर धरून आतली बाजू दाखवली, जिथे गाठ लपवलेली असते. सुईणबाईंनी पुढे वाकून बघितलं आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. आक्कांनी मान डोलावली. जुनं कापड का, हे मी सांगायला लागले तर सुईणबाई म्हणाल्या, मला माहीत आहे, आमची आजी जुन्या चादरी ठेवायची बाळांसाठी.

अडलं ते कुंचीच्या बंदांवर. बाळाच्या गळ्याजवळ बांधायचं काहीही त्या साइटवर चालणार नव्हतं. तिकडे तसा नियम आहे, आणि सुईणबाईंचा स्वतःचाही तोच आग्रह होता.

मी आक्कांना सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "बंदाबिगर कुंची? डोस्क्यावर ऱ्हाईल कशी? सांग तिला, आमच्या आजीपासनं बांधतोय. कुणाला काय सुदिक झालं न्हाई."

मी जमेल तसं इंग्रजी केलं. सुईणबाईंनी चहाचा मग खाली ठेवला. "मी एक बघितलंय," त्या हळू म्हणाल्या. "एकच. पण बघितलंय."

मी हे मराठीत सांगितलं. आक्कांनी मांडीवरची कुंची उचलली, कात्री घेतली आणि दोन्ही बंद मुळापासून कापले. सुईणबाई बघत होत्या. त्यांनी तिकडून हात जोडले, आपल्यासारखे नीट नाही, पण जोडले.

कापले खरे, पण त्याचं करायचं काय, ते आक्कांना सुचेना. टिचबटण लावून बघितलं. तेही नको, बाळ तोंडात घालतं. चार दिवस त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत फिरल्या. मग एका दुपारी जिन्यावरून मला हाक मारली. त्यांनी कुंचीचा मागचा पदर वाढवून वाढवून त्याचंच दुपटं केलं होतं. वरच्या कोपऱ्यात डोकं, खाली सगळं बाळ त्यात गुंडाळायचं. बांधायला काही नाही, अडकायला काही नाही. माझ्या मुलीची जुनी बाहुली त्यात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली.

"हं. धर तुझी हूडी."

तीच वस्तू तिकडे चालली. इतकी चालली की सुईणबाईंनी बाकीचं थांबवून हेच पाठवा म्हटलं. आमच्या शिवणाऱ्या आता सहाजणी झाल्या. दर महिन्याला मी आणि आक्का ऑटो करून सरोजिनी नगरच्या पोस्टात पार्सल टाकायला जायचो आणि येताना बाजारातून फिरायचो. पोरी तिथे दुकानदारांशी भांडून भांडून कपडे घेत असतात. आक्कांना ते बघायला आवडायचं. त्या स्वतः काही घ्यायच्या नाहीत, पण प्रत्येक कपडा उलटा करून शिवण बघायच्या. दुकानदार ओरडायचा, "लेना है तो लो, माताजी." आक्का मराठीत म्हणायच्या, "घ्यायसारखं असतं तर घेतलं असतं," आणि पुढे जायच्या.

साइटवर प्रत्येक वस्तूखाली करणाऱ्या बाईचा फोटो असायचा. आमचं ते शक्य नव्हतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "बिल्कुल नाही." म्हणून आम्ही फक्त हातांचे फोटो पाठवले. सहा जणींचे हात, कुणाच्या बांगड्या, कुणाचं गोंदण. आक्कांच्या उजव्या हाताच्या बोटावर कात्रीचा घट्टा होता, तो स्पष्ट दिसायचा. गिऱ्हाइकं लिहायची, त्या घट्ट्याच्या हातांनी केलेलं पाहिजे. मी वाचून दाखवलं की आक्का हात पदराखाली घ्यायच्या.

एकदा सुईणबाईंनी वेगळंच मागितलं. वेळेआधी जन्मलेल्या, काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळांसाठी लहान, अगदी लहान कुंच्या, नुसत्या टोपीपुरत्या. त्यांच्या जुन्या इस्पितळात द्यायच्या होत्या. आक्का माझ्या घरी आल्या, फ्रिज उघडला आणि मोसंब्या चाचपून बघायला लागल्या. त्यातली एक निवडली. "एवढं आसंल डोस्कं," म्हणाल्या. "माझा धाकला असाच होता. सातव्या महिन्यातला. मिरजंच्या दवाखान्यात कापसात ठेवला हुता." तो धाकटा तेव्हा सहा फूट उंच होता आणि कोल्हापूरला आयटीआय करत होता, त्यामुळे तो असा जन्मला असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. त्या मोसंबीवर मापं घेऊन आक्कांनी टोपड्या शिवल्या. त्या मात्र विकायच्या नाहीत म्हणाल्या. "ह्या माझ्या. ह्या आत्याच्या."

त्यातल्या एका टोपडीतल्या बाळाचा फोटो पुढे आला. निळ्या काठाची टोपडी, आणि नाकात बारीक नळी. आक्कांनी किती वेळ तो फोटो बघितला. मग विचारलं, "मुलगा का मुलगी?" मी विचारून सांगितलं, मुलगी. "दूध पिती का आता?" मी तेही विचारलं. पिते, घरी गेली. त्या दिवशी आक्कांनी शिरा केला आणि सगळ्या लाइनीत वाटला. कुणाला कारण काय सांगितलं, ते मला माहीत नाही.

असे दिवस होते ते, आणि ते तसेच चालतील असं मी धरून चालले होते. मी तर नणंदेला सांगूनही टाकलं होतं की, एक दिवस आक्कांना घेऊन मी तिकडे येणार. सुईणबाईंनीही बोलावलं होतं. आक्का म्हणायच्या, "थंडी लई असंल." पण त्यांनी त्यासाठी एक जाडजूड स्वेटर विणायला घेतला होता, हे मी बघितलं होतं.

एका सकाळी सुईणबाईंचा कॉल आला, आणि समोर चहाचा मग नव्हता. त्यांच्याकडे नवे नियम आले होते. बाळांच्या प्रत्येक वस्तूमागे कागद पाहिजे. कुणी केलं, कापड कुठल्या गिरणीचं, रंग कुठला, त्याची प्रयोगशाळेत तपासणी झाली का. माल बाहेरून येत असेल तर त्याची जबाबदारी घेणारं माणूस त्यांच्या तिकडे पाहिजे. "जबाबदारी मी घेते," त्या म्हणाल्या. "माझं नाव लावा. पण कापडाचं काय करू?"

प्रत्येक लुगडं वेगळं. कुणी कुठल्या बाजारात वीस वर्षांपूर्वी घेतलेलं, कुणाच्या सासूचं. एका लुगड्यातून जेमतेम दोन दुपटी निघतात, आणि तपासणीला त्यातलंच कापायचं. प्रत्येकाची तपासणी कुणाला परवडणार? सुईणबाई म्हणाल्या, स्वस्तातला वाईट माल खोक्यांनी येतो, त्याला अडवायला हे नियम आले. मोठ्यांकडे कागद करायला माणसं असतात. अडकलो आपण.

मला वाटलं आक्का चिडतील. मी तरी चिडले होते. त्या शांतपणे ऐकत होत्या. "तिला सांग," त्या म्हणाल्या, "त्यांचंबी चुकत न्हाई. नाशिकच्या लेकराच्या मानंला लागलं तवा इचारायला कोण हुतं? कुणीतरी इचाराया पायजेच." मग म्हणाल्या, "पर आमचं लुगडं तसलं न्हाई, ते बी सांग."

मी सांगितलं. सुईणबाई म्हणाल्या, मला माहीत आहे. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिल्या.

मग नवं, कागदवालं सुती कापड घेऊन बघू, असं ठरलं. नोएडाला एकजण देत होता. ताग्यांबरोबर खरंच सगळे दाखले होते. आक्कांनी ते कापड भिजवलं, वाळवलं, पुन्हा धुतलं, अंगणातल्या तारेवर दिवसच्या दिवस उन्हात टाकलं. शिवलं. दिसायला चांगलंच झालं होतं, पांढरंशुभ्र, कुठे खोट नाही. आक्कांनी ते मुठीत धरून सोडलं. "चांगलंय," त्या म्हणाल्या. "पर कुणाचं न्हाई वाटत."

तिकडेही तसंच झालं. गिऱ्हाइकांनी नावं ठेवली नाहीत, पण असलं पांढरं दुपटं त्यांना दहा ठिकाणी मिळत होतं, आणि आमच्याहून स्वस्त. ऑर्डरी आटत गेल्या. शिवणाऱ्यांपैकी दोघींच्या मालकांच्या बदल्या झाल्या. कँटोन्मेंटात माणसं अशीच जातात. एक दिवस ट्रक लागतो आणि दुसऱ्या दिवशी त्या दारावर दुसऱ्याच नावाची पाटी.

आक्कांच्या मालकांची पोस्टिंग राजस्थानात निघाली, जिथे कुटुंब नेता येत नव्हतं. त्या गावी जायच्या ठरल्या. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांचं सामान बांधायला खाली गेले. उरलेल्या लुगड्यांचं गाठोडं त्यांनी मला ठेव म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "तिकडे शिवा की. मी इथून पाठवत जाईन." त्या म्हणाल्या, "तिकडं शेणघाण, शेत, सासू. बसायला कुठं मिळतंय." मग लगेच, मला वाईट वाटू नये म्हणून, "बघू की. सवड झाली तर." त्यांना सवड होणार नाही हे दोघींनाही कळत होतं.

सुईणबाईंनी पुढच्या वर्षी साइट बंद केली. सगळ्यांना मिळून एक छोटा निरोप आला, आणि मला वेगळा एक. त्या परत इस्पितळात काम करायला लागल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं, रात्रपाळी आता झेपत नाही, पण बाळं अजून येतायत. मी उत्तरात बरंच काही लिहायला घेतलं आणि शेवटी दोन ओळी पाठवल्या. इंग्रजीत मला तेवढंच जमलं.

ह्यांची पेन्शन झाली आणि आम्ही कँटोन्मेंट सोडलं. गावी परतायचं तर मुलीचं कॉलेज इथलं. म्हणून गुडगावच्या बाहेर एक फ्लॅट भाड्याने घेतला. ह्यांना मानेसरच्या एका कारखान्यात सिक्युरिटीत नोकरी लागली. मलाही घरात बसवेना. त्याच रस्त्याला त्या मोठ्या ऑनलाइन बाजाराचं गोदाम आहे. तिथे बायकांना घेत होते, बस दारापर्यंत, कँटीन, वेळेवर पगार. मी अर्ज केला आणि लागले. वाईट नोकरी नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. लोकांनी परत पाठवलेला माल तपासणाऱ्यांच्यात मी आहे. खोकं उघडायचं, वस्तू चांगली का खराब ते बघायचं, आणि डाव्या किंवा उजव्या सरकत्या पट्ट्यावर ठेवायची. कपडा आला की माझा हात आपोआप उलटी बाजू बघतो. मशीनवरची मुलगी म्हणते, "आंटी, जल्दी करो यार."

नणंदेला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अच्छा. पण बरं आहे ना वहिनी, तिथे?" मी म्हटलं, बरं आहे. दोघींनी विषय बदलला. तिने काही म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या हिवाळ्यात आक्कांचा फोन आला. त्यांच्या मालकांना आता पंजाबात क्वार्टर मिळालं होतं, त्या तिकडे चालल्या होत्या, आणि गाडी बदलायला दुपारी निजामुद्दीनला उतरणार होत्या. मी सुट्टी टाकून गेले. सोबत शेंगदाण्याची चटणी, आणि डब्यात भाकऱ्या.

फलाटावर त्या ट्रंकेवर बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, वाळलेल्या, पण आवाज तोच. "अगं किती गं बारीक झालीस!" हे त्यांनी मला म्हणावं! त्यांचे मालक चहा आणायला गेले आणि मुद्दाम लांब उभे राहिले. आम्ही मुलांचं बोललो, सासू गेल्याचं बोललो. मग त्यांनी विचारलं, "काम कुठं करतीस म्हणलीस?"

मी सांगितलं. मला वाटलं, आता त्यांना ती नाशिकची कुंची आठवेल. त्यांनी विचारलं, "पगार येळंवर देत्यात का?"

"देतात."

"बायामाणसांना नीट वागवत्यात?"

"हो, तसं नीटच."

"मग झालं की." त्यांनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला, मोठा, नवा. "धाकल्यानं घेऊन दिला. आता मी बी मागवती त्याच्यावरनं. ह्यो स्वेटर बघ. दारात आणून देत्यात बया. न्हाई पटलं तर परत न्यायला येत्यात."

"परत दिलेलं माझ्याकडेच येतं, आक्का," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की त्यांचे मालक चहाचे कप घेऊन घाबरत आले. मी त्यांच्या स्वेटरची बाही हातात घेतली, उलटून पाहिली नाही. चांगला दिसत होता त्यांना.

गाडीची वेळ झाली. ट्रंक चढवली, भाकरीचा डबा खिडकीतून दिला. खिडकीशी उभी राहून मी त्यांचा हात धरला. घट्टा होता का, हे मला तेव्हा कळलं नाही, कारण थंडीने माझीच बोटं बधिर झाली होती. गाडी हलली आणि त्या म्हणाल्या, "पोचल्यावर फोन करती." पोचल्यावर त्यांनी केलाही.

मेट्रोत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की सगळं विचारलं, फक्त त्या अजून शिवतात का, एवढं विचारलं नाही. त्यानंतर फोनवर कितीदा बोलणं झालं. पंजाबच्या थंडीबद्दल, त्यांच्या नव्या लाइनीत कुणाकुणाकडे बाळ झालं त्याबद्दल. तो प्रश्न ओठांवर येतो आणि मी दुसरंच काहीतरी विचारते.